गढी आणि काचेचे कपाट

वऱ्हाडात ‘वाडा’ आणि ‘गढी’ हे दोन शब्द लोक एकमेकांच्या जागी सहज वापरतात. जुन्या कागदांत मात्र त्यांत फरक दिसतो. वाडा म्हणजे मोठ्या माणसाचे घर. गढी म्हणजे तटबंदीच्या आत बसवलेले घर: चार कोपऱ्यांना बुरूज, खाली दगड किंवा भाजकी वीट, वर पांढऱ्या मातीचा जाड तट, एकच मोठा दरवाजा, आत विहीर आणि धान्याची पेवे. लहान किल्ला म्हणावा तर फौज नाही, घर म्हणावे तर भिंत हातभर नव्हे, पुरुषभर जाड. इंग्रजीतल्या ‘मॅनर हाउस’ला मराठीत जवळचा शब्द शोधायचा झाला तर तो हाच. पण शब्द जवळचा असला तरी वस्तू वेगळी आहे, आणि या लेखातला माझा सगळा वाद त्या वेगळेपणाशी बांधलेला आहे.

गेली पंचवीसेक वर्षे मी अचलपूर, परतवाडा, चांदूर बाजार, अंजनगाव, दर्यापूर या टापूतल्या गढ्या आणि वाडे पाहत, मोजत, त्यांचे कागद वाचत आलो आहे. माझे शिक्षण इतिहासाचे नाही. मोडी एका निवृत्त पटवाऱ्याकडून शिकलो. फारसी अक्षरे अचलपुरातल्या एका मौलवीसाहेबांनी पाटीवर गिरवून घेतली. बाकीचे यादव माधव काळे यांच्या ‘वऱ्हाडचा इतिहास’ या ग्रंथापासून गॅझेटिअरांपर्यंत जे हाती लागले ते वाचून. या फिरतीत एक वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकले आहे: ‘वाडा पडायला आला आहे, इथे म्युझियम करून टाका.’ सूचना चांगल्या मनाची असते. पण म्युझियम म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेले येते. तलवारी ठेवू, पालखी ठेवू, जुनी भांडी ठेवू, पूर्वजांची तैलचित्रे लावू.

माझे म्हणणे असे आहे की, या पद्धतीने वाड्याचे संग्रहालय केले तर भिंती वाचतात आणि वाडा हरवतो. हे बोलणे हवेत राहू नये म्हणून महाराष्ट्रातली चार खरी उदाहरणे तपासतो आणि मग अचलपूरकडे येतो.

*गढी हे घर नव्हे, कचेरी*

अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना एक उपयोगी नोंद केली आहे. उत्तरेत ज्याला चौधरी म्हणतात त्याला इथे देशमुख म्हणतात, कानूनगोला देशपांडे, मुकादमाला पटेल आणि पटवाऱ्याला कुळकर्णी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मोगल दप्तराला इथली नावे समजावून द्यावी लागली, म्हणजे ही व्यवस्था मोगलांच्या आधीची, किमान इमादशाही आणि बहामनी काळातली. परगण्याचा वसूल गोळा करणे ही देशमुखाची जबाबदारी, त्याचा हिशेब देशपांड्याकडे, गावपातळीवर पाटील आणि कुळकर्णी. त्या बदल्यात वतन: वसुलात ठरावीक हिस्सा, मानपान, काही इनाम जमीन.

इथे युरोपातल्या मॅनरशी फरक पडतो. तिथला धनी मूलतः जमिनीचा धनी. त्याच्या शेतात कुळे राबत आणि त्याच्याच न्यायसभेत त्यांचे तंटे तुटत. आपल्याकडचा देशमुख परगण्याच्या जमिनीचा मालक नव्हता. त्याचा हक्क वसुलाच्या वाट्यावर होता आणि तो सरकारने मान्य केला तोवरच चाले. म्हणून गढीतली सर्वांत महत्त्वाची जागा दिवाणखाना नव्हे, ढेलजेलगतची कचेरी. तिथे कुळकर्णी बसत, रुमाल सुटत, किस्तीची रक्कम ठरे, तगादा निघे. पेवे आणि बळदे भरत ती घरच्या खाण्यापुरती नव्हे, धान्यरूपाने येणाऱ्या हक्कासाठी. तट जाड असे तो केवळ पेंढाऱ्यांच्या भीतीने नव्हे. वसुलाला येणाऱ्या सरकारी फौजेशी घासाघीस करायची तर दरवाजा आतून बंद करता यावा लागे.

वऱ्हाडात हे अधिकच खरे, कारण इथे अठराव्या शतकात अंमल दोघांचा होता. एकाच मुलखात निजामाचे अधिकारी आणि नागपूरकर भोसल्यांचे कमाविसदार दोघेही वसूल मागत. नोव्हेंबर १८०३ मध्ये अडगावची लढाई झाली, डिसेंबरात आर्थर वेलस्लीने गाविलगड घेतला आणि देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. तोवर गढीवाल्याला दोन धन्यांना तोंड द्यावे लागे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. मग मोजणी आली, जमाबंदी आली, तहसील कचेरी आली आणि गढीतली कचेरी हळूहळू बंद पडली. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आणि १९६२ चा महसुली पाटीलकी रद्द करणारा कायदा यांनी उरलेसुरले काम संपवले. आज आपण ज्या पडक्या गढ्या पाहतो त्या पावसाने पडल्या हे खरे, पण दुरुस्तीचा पैसा ज्या कामातून येई ते काम आधी गेले होते.

एवढे ध्यानात ठेवून आता संग्रहालयांकडे पाहू.

*चार घरे*

पहिले उदाहरण छत्रपती संभाजीनगरच्या सोनेरी महालाचे. विद्यापीठाच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी उभी असलेली ही दुमजली इमारत सतराव्या शतकात मोगलांबरोबर दख्खनेत आलेल्या बुंदेल्या सरदाराने, ओरछाच्या पहाडसिंगाने, बांधली. भिंतींवरच्या सोनेरी रंगकामावरून तिला हे नाव पडले. आज तिथे राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. मी तिथे तीनदा गेलो. इमारत नीट राखलेली आहे, आवार स्वच्छ आहे. पण आत मांडलेल्या मूर्ती, नाणी, शस्त्रे आणि उत्खननातले अवशेष यांचा त्या घराशी संबंध काय, हे पाहणाऱ्याला उमगत नाही. बुंदेलखंडचा एक राजपूत सरदार परमुलखात इतके मोठे घर का बांधतो, त्याची माणसे कुठे राहत, घोडे कुठे बांधत, खर्च कुठल्या जहागिरीतून निघे? मोगलांची दख्खन-मोहीम समजून घ्यायला याहून चांगली वस्तू त्या शहरात क्वचितच असेल. आणि ती वस्तू म्हणजे ती इमारतच. इथे इमारत कपाट झाली आहे. कपाटाकडे कोणी पाहत नाही, आतल्या वस्तूंकडे पाहतात.

दुसरे उदाहरण पुण्याच्या विश्रामबागवाड्याचे. दुसऱ्या बाजीरावाने तो बांधला, १८०७ च्या सुमारास पुरा झाला. सुरूच्या आकाराचे लाकडी खांब आणि केळफुलाची नक्षी असलेला त्याचा दर्शनी भाग मराठी लाकूडकामाचा उत्तम नमुना म्हणून दाखवला जातो, आणि ते योग्यच आहे. पण या वाड्याची खरी गंमत पेशवाई संपल्यानंतर सुरू होते. १८१८ मध्ये धनी गेला आणि तीनच वर्षांनी, १८२१ मध्ये, कंपनी सरकारने इथे संस्कृत पाठशाळा उघडली. पुढे डेक्कन कॉलेज म्हणून नावारूपाला आलेल्या संस्थेची ती सुरुवात. १८७९ मध्ये आगीत वाड्याचा मोठा भाग जळाला, तो पुन्हा उभा केला गेला. नंतर सरकारी कचेऱ्या आल्या, पुणे नगरपालिकेचा कारभारही काही काळ इथूनच चालला. म्हणजे अकरा-बारा वर्षे राजवाडा आणि दोनशे वर्षे शाळा, कचेरी, नगरपालिका. तिथल्या ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ या प्रदर्शनात शहराची वाढ सांगितली आहे, हे मला आवडले. पण सामान्य पाहुण्याच्या बोलण्यात बाजीरावाची अकरा वर्षेच उरतात. आपल्याला घराचा पहिला धनी आठवतो, बाकीचे भाडेकरू वाटतात. पेशवाई संपल्यावर संस्कृत शिकवण्याची जबाबदारी परक्या सरकारने पेशव्याच्याच वाड्यात का घेतली, हा प्रश्न त्या नक्षीदार खांबांइतकाच मोलाचा आहे.

तिसरे उदाहरण राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे. इथे मात्र टीका करताना हात जपून लिहावे लागते, कारण ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी (१८९६–१९९०) जे केले ते महाराष्ट्रात दुसऱ्या कोणी केले नाही. गावोगाव फिरून त्यांनी अडकित्ते, दिवे, वज्री, फण्या, कुंकवाचे करंडे, विळ्या, पुरणयंत्रे, दरवाजे, खिडक्या, वाद्ये गोळा केली. अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहालयाला दिले आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. संग्रह वीस हजार वस्तूंच्या घरात आहे आणि एका वेळी मांडलेला असतो तो त्याचा लहानसा भाग. तलवारीपेक्षा अडकित्त्याला मान देणारे, दिवाणखान्यापेक्षा माजघराला जागा देणारे हे मराठीतले पहिले मोठे संग्रहालय. बाईच्या हाताची वस्तू इतिहासाची वस्तू असते, हे विद्यापीठांनी मान्य करण्याच्या कितीतरी आधी केळकरांनी कपाटात मांडून दाखवले.

त्यांनीच कोथरूडचा मस्तानी महाल, पहिल्या बाजीरावाने १७३४ च्या सुमारास बांधलेला, त्याच्या अवशेषांसह उचलून संग्रहालयात पुन्हा उभा केला. जगात याची उदाहरणे आहेत. स्टॉकहोममध्ये आर्तुर हाजेलियसने १८९१ मध्ये स्कानसेन उघडले तेव्हा स्वीडनभरातली शेतकऱ्यांची घरे उचलून एका टेकडीवर आणली. चेन्नईजवळच्या दक्षिणचित्रमध्ये १९९६ पासून दक्षिणेतली घरे तशीच पुन्हा बांधलेली आहेत. या पद्धतीचे समर्थन एकच आणि ते जबरदस्त आहे: नाही उचलले तर मोडीत जाईल. केळकरांच्या काळात ते शब्दशः खरे होते. पण उचललेल्या घराला एक गोष्ट गमवावी लागते, शेजार. मस्तानीचे घर पेशव्यांच्या शहराबाहेर, कोथरुडात होते. ते अंतर हीच तिच्या आयुष्याची मोठी कथा आहे. शुक्रवार पेठेत, शहराच्या पोटात उभ्या केलेल्या दालनात छत, झुंबर, नक्षी सगळे पाहायला मिळते आणि ते अंतर नेमके मिळत नाही. अडकित्त्यांचेही तेच. हा कुठल्या गावचा, कोणत्या घरचा, कोणी विकला आणि का विकला, या नोंदी पाहणाऱ्यापर्यंत पोचत नाहीत. वस्तू सुंदर आहे एवढेच कळते. केळकरांनी वस्तू वाचवल्या. त्यांच्या मागच्या पिढीने नोंदींचे काम तितक्याच वेडाने करायला हवे होते.

चौथे उदाहरण आमच्याच वऱ्हाडातले, सिंदखेडराजाच्या जाधवांच्या राजवाड्याचे. वऱ्हाडातल्या देशमुखी घरांत याहून प्रसिद्ध घर नाही. लखुजीराव जाधव सिंदखेडचे देशमुख आणि निजामशाहीतले मोठे सरदार. इथेच १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला असे मानले जाते आणि दरवर्षी त्या तारखेला लाखभर माणसे तिथे लोटतात. त्या गर्दीत मीही उभा राहिलो आहे. जिजाऊंच्या नावाने बाया आपल्या मुलींना घेऊन येतात, हे पाहून ज्याला भरून येत नाही त्याने इतिहासाच्या वाटेला जाऊ नये.

तरीही संशोधक म्हणून एक गोष्ट नोंदवावी लागते. एवढा मोठा राजवाडा, त्याच्याभोवतीची रंगमहाल, काळाकोट, पुतळा बारव, मोती तलाव ही सगळी वसाहत एका खोलीपुरती आकुंचन पावली आहे, जन्माच्या खोलीपुरती. तीच दाखवली जाते, तिथेच हात जोडले जातात. लखुजीराव देशमुख म्हणून काय करत, इतका मोठा तलाव बांधायला पैसा आणि हात कुठून आले, निजामशाही दरबाराशी त्यांचे जुळले कसे आणि तुटले का, की ज्याचा शेवट १६२९ मध्ये देवगिरीवर त्यांच्या आणि त्यांच्या मुलांच्या खुनाने झाला, या गोष्टी त्या भिंतींत आहेत पण फलकांत नाहीत. आणि जिजाऊंना समजून घ्यायचे तर हेच आधी समजायला हवे. बाप आणि भाऊ दरबारात मारले गेलेली मुलगी पुढे आपल्या मुलाला काय शिकवते, ते या कचेरीच्या इतिहासाशिवाय कळणार नाही.

जून २०२४ मध्ये लखुजीरावांच्या समाधीच्या जतनाचे काम चालू असताना तिथेच जमिनीखाली जुन्या मंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची मोठी देखणी मूर्ती सापडली. म्हणजे जाधवांच्या आधीही त्या जागेला एक मोठा काळ होता. अशी वस्तू सापडली की पहिला प्रश्न निघतो, ‘ही कुठे न्यायची?’ वऱ्हाडातली मूर्ती नागपूरला, अजब बंगल्यात, हा मार्ग १८६३ पासून रुळलेला आहे. त्या संग्रहालयाने विदर्भाच्या वस्तू जपल्या हे उपकार मोठेच. पण सिंदखेडची मूर्ती सिंदखेडला राहिली तरच ती काही बोलेल. दुसरीकडे ती केवळ सुंदर असेल.

*अचलपूरचे काय*

आता आमच्या गावाकडे. सापन आणि बिच्छन या नद्यांकाठचे हे शहर एका राज्याची राजधानी होते, हे बाहेरच्या वाचकाला सांगावे लागते. १४९० मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्काने बहामनींपासून वेगळे होऊन इमादशाही स्थापली, ती १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने बुडवली. मोगलांच्या वऱ्हाड सुभ्याचे ठाणेही इथेच. पुढे एलिचपूरचे नबाब, मग इंग्रजी अमलात एलिचपूर जिल्हा, आणि १९०५ मध्ये तो जिल्हाही मोडून अमरावतीत मिसळला. शहराच्या परकोटाचे दरवाजे, दुल्हा रहमान गाझींचा दर्गा, पश्चिमेला गोल तलावाच्या मधोमध उभा असलेला अष्टकोनी हौज कटोरा, आणि गल्ल्यागल्ल्यांतले देशमुखी, सावकारी वाडे, एवढा ऐवज आजही उघड्यावर आहे.

इथल्या एखाद्या वाड्यात संग्रहालय करायचे ठरले तर पाटीवर गावाचे नाव कोणते लिहाल? हा विनोद नाही. बाराव्या शतकात गुजरातेत बसून प्राकृताचे व्याकरण लिहिणाऱ्या हेमचंद्राने ‘अचलपुर’ या शब्दात च आणि ल यांची अदलाबदल होते, असा स्वतंत्र नियमच दिला आहे. म्हणजे त्याच्याही काळी लोक ‘अलचपूर’ म्हणत. महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’त हेच गाव अळजपूर म्हणून येते. फारसी कागदांत ते एलिचपूर होते, इंग्रजांनी तेच उचलले. लोककथा म्हणते की ईल नावाच्या जैन राजाने गाव वसवले आणि त्याच्यावरून हे नाव पडले. व्याकरणाचा पुरावा माझ्या मते कथेपेक्षा बळकट आहे. पण कथाही फेकून देण्यासारखी नाही, कारण जवळच मुक्तागिरीची जैन मंदिरे आहेत आणि गावाला आपला जैन काळ त्या कथेतून आठवतो. एका नावात प्राकृत, मराठी, फारसी, इंग्रजी असे चार थर. जे संग्रहालय यातला एकच थर उचलून पाटीवर लावील ते पहिल्याच दिवशी खोटे ठरेल.

हा धोका काल्पनिक नाही. वाड्याचे संग्रहालय बहुधा त्या वाड्याच्या घराण्याचे स्मारक होते. नाहीतर ज्या समाजाचा आज गावात जोर असतो त्याचे. नबाबांचा काळ म्हणजे परक्यांचा काळ, देशमुखांचा काळ म्हणजे आपला, अशी वाटणी झाली की संपले. कागद ही वाटणी मानत नाहीत. मी वाचलेल्या वतनी कागदांत वर फारसी शिक्का, खाली मोडी मजकूर, बाजूला दोन्ही लिप्यांतल्या सह्या असतात. देशमुखाला सनद हवी ती नबाबाच्या कचेरीतून, नबाबाला वसूल हवा तो देशमुखाच्या गढीतून. दोघांचे पोट एकमेकांवर.

आणि दोघांचेही पोट तिसऱ्याच माणसांवर. गढीचा तट पांढऱ्या मातीचा असतो, हे आरंभी सांगितले. पांढरी म्हणजे गावठाण, काळी म्हणजे शेत, ही आपली जुनी भाषा. ती माती कोणी खणली, कोणी तुडवली, कोणी डोक्यावरून वर चढवली? गावचे बलुतेदार आणि वेठीला धरलेली माणसे, त्यांतही महार-मांगांचा वाटा सर्वांत मोठा. गढीच्या दरवाजावरची रात्रीची राखण, किस्तीची रक्कम ठाण्यात पोचवणे, सरकारी पाहुण्याचे ओझे वाहणे, ही कामे करणाऱ्यांना दरवाजाच्या आत कुठवर येता येई, हे प्रत्येक गढीच्या नकाशात दगडात लिहिलेले आहे. ढेलज, पहिला चौक, दुसरा चौक, माजघर, देवघर. कोणाचे पाऊल कुठे थांबे, ते उंबरे आजही मोजता येतात. मला विचाराल तर गढीच्या संग्रहालयातला सर्वांत बोलका फलक हाच असेल: उंबऱ्यांचा नकाशा. त्याला एकही तलवार लागत नाही.

*माती, कागद, लाकूड*

हे सगळे घाईने लिहिण्याचे कारण असे की वेळ थोडा आहे. गढीच्या तीन गोष्टी तीन वाटांनी जात आहेत.

माती घरोघर जाते. दर्यापूरच्या बाजूला एका पडक्या बुरुजाखाली टोपली भरत असलेल्या वयस्क बाईंना मी विचारले, ही माती कशाला? त्या म्हणाल्या, ‘भाऊ, गढीची पांढरी चिकट राह्यते. भित पोतारली तं सुटत नाई.’ त्यांच्याशी वाद घालण्याचे मला काही कारण दिसले नाही. कदाचित त्यांच्याच पणज्याने ती माती तिथे चढवली असेल.

कागद रद्दीत जातात. हे जास्त वाईट. माती पुन्हा मिळते, रुमाल मिळत नाही. घरातल्या तरुण पिढीला मोडी येत नाही, म्हणून ते ‘जुने कोर्टाचे कागद’ ठरतात आणि दिवाळीच्या साफसफाईत किलोवर निघतात. यवतमाळच्या शारदाश्रमाने य. खु. देशपांड्यांच्या काळात महानुभावांच्या पोथ्या घरोघरून, मठामठांतून मिळवल्या, म्हणून आज आपल्याला त्या वाचता येतात. त्या मानाने गढ्यांचे दप्तर कोणी मिळवले नाही.

लाकूड शहरात जाते. कोरीव चौकट, खांब, तुळई, सज्जे यांना मोठ्या शहरांत हॉटेलवाले आणि फार्महाउसवाले चांगला भाव देतात. विकणाऱ्या अनेक कुटुंबांना ठाऊक नसते की १९७२ च्या पुरावशेष व बहुमोल कलाकृती कायद्यात शंभर वर्षांहून जुनी, इमारतीपासून सुटी केलेली वस्तूही पुरावशेष ठरते, आणि तिची परदेशी निर्यात खासगी माणसाला करता येत नाही. हस्तलिखितांना तर पंचाहत्तर वर्षे पुरतात. विकणाऱ्याला दोष देऊन भागणार नाही. पंधरा वारस, एक गळका वाडा आणि एका खांबाला मिळणारे रोख पैसे, हा हिशेब कुठल्याही घरात एकाच बाजूला झुकतो.

म्हणून अचलपुरात किंवा आसपास जेव्हा कोणी वाड्याचे संग्रहालय करील, तेव्हा क्रम उलटा असावा असे मला वाटते. आधी इमारत दुरुस्त करून, मग वस्तू गोळा करून, शेवटी माहिती लिहिण्याऐवजी, आधी नोंद. प्रत्येक खोलीचे मोजमाप, प्रत्येक रुमालाचे छायाचित्र, घरातल्या आणि घराबाहेरच्याही वृद्धांच्या आठवणी. ज्यांच्या आजीने त्या वाड्यात दळण दळले तिची नात आणि ज्यांच्या आजोबांनी सनद मिळवली त्यांचा नातू, दोघांनाही त्याच आस्थेने विचारावे. कागद घरच्यांकडेच राहू द्यावेत, प्रत घ्यावी. मालकी गेली की विश्वास जातो आणि पुढचा रुमाल बाहेर येत नाही. मग खोल्या शक्यतो रिकाम्या ठेवाव्यात. पेव उघडे ठेवून त्यात किती खंडी ज्वारी मावे ते लिहावे. कचेरीच्या खोलीत एकाच सालाचा एकाच गावचा वसूल मांडावा: कोणी किती दिले, कोणाला किती मिळाले, गढीत किती राहिले, पुढे सरकारात किती गेले. शाळेतले पोर तो तक्ता वाचून घरी गेले की आपल्या आजोबांचे आडनाव त्यात कुठे आहे, हे विचारील. संग्रहालयाला याहून मोठे यश मला दिसत नाही.

पॅरिसमध्ये क्लुनीच्या मठाधिपतींचे पंधराव्या शतकातले घर आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे एक संग्राहक राहायला आला, त्याने ते जुन्या वस्तूंनी भरले, आणि त्याच्यामागे १८४४ मध्ये सरकारने ते संग्रहालय म्हणून उघडले. आज मध्ययुगीन वस्तूंसाठी ते जगभर नावाजलेले आहे. केळकरांची कथा वाचताना मला त्याची आठवण येते. वस्तूंवर प्रेम करणारा एक माणूस असला की संग्रहालय होते. गढीला मात्र दुसऱ्या जातीचा माणूस लागेल, हिशेबावर प्रेम करणारा. तो वऱ्हाडात दुर्मीळ नाही. चार पिढ्या पटवाऱ्याचे दप्तर सांभाळलेल्या या मुलखात मोडी वाचू शकणारे थोडे म्हातारे हात अजून शिल्लक आहेत. त्यांच्याजवळ बसायला येत्या दोन-चार वर्षांत तरुण मिळाले पाहिजेत. तट पडला तरी पाया मोजता येतो. वाचणारा गेला की रुमाल मुका होतो.